सुधागडच्या पावसात पांढरे शेतघर टिकेल का? शनिवार-रविवारपुरत्या घराच्या आराखड्याविषयी सल्ला हवा

अंबाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही ठाण्यात राहतो. रायगड जिल्ह्याच्या सुधागड तालुक्यात, पालीच्या पूर्वेला एका गावात माझ्या सासऱ्यांच्या नावावर 50 गुंठे वडिलोपार्जित जमीन आहे. त्यातले खालचे 30 गुंठे भाताचे खाचर असून ते गावातील एक कुटुंब अर्धेलीने करते. वरचे 20 गुंठे उताराचे वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन आहे. त्यावर आंब्याची चार जुनी झाडे आहेत आणि बाकी करवंदीच्या जाळ्या. सासू-सासरे दोघेही सत्तरी ओलांडलेले आहेत. महिन्यातून दोनदा तरी सर्वांनी मिळून तेथे जावे, या हेतूने घर बांधायचे आम्ही आता नक्की केले आहे.

माझ्या मनात जे घर आहे त्याला हल्ली ‘मॉडर्न फार्महाउस’ म्हणतात. उभ्या पट्ट्यांच्या पांढऱ्याशुभ्र भिंती, काळ्या रंगाच्या बारीक चौकटींच्या मोठ्या खिडक्या, चढे काळे पत्र्याचे छप्पर, आत दुप्पट उंचीची बैठकीची खोली आणि तिला लागूनच मोकळे स्वयंपाकघर, असे त्याचे रूप आहे. पश्चिमेला सरसगड किल्ला दिसतो, म्हणून बैठकीच्या खोलीची त्या बाजूची त्रिकोणी भिंत जमिनीपासून आढ्यापर्यंत पूर्ण काचेची असावी, अशी माझी फार इच्छा आहे. सर्व खोल्या तळमजल्यावरच हव्यात, त्यामुळे क्षेत्रफळ 2,000 चौरस फुटांच्या घरात जाईल.

ठेकेदाराच्या मते घर खाचराच्या सपाटीवर बांधावे, म्हणजे उताराचे काम वाचेल. यजमानांना पत्र्याऐवजी कौले हवी आहेत. सासऱ्यांचे म्हणणे एवढेच आहे की पावसाळ्यात बसायला पडवी पाहिजे. मला मात्र भीती वाटते की कौले आणि पडवी आली की ते चारचौघांसारखे कोकणी घर होईल आणि मी कल्पिलेले घर राहून जाईल. छप्पर, भिंती, जागा आणि ती काचेची भिंत यांविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वळचण यांचे उत्तर

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार असून माझे बरेचसे काम रायगड जिल्ह्यातच असते. आपल्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी एक हिशेब मांडतो. महिन्यातून दोनदा जाणे आणि प्रत्येक वेळी दोन रात्रींचा मुक्काम धरला, तर वर्षाच्या 48 रात्री होतात. दिवाळी आणि मे महिन्याची सुटी धरून त्या 60 झाल्या, तरी उरलेले 300 दिवस हे घर कुलूपबंद राहणार आहे. लोक आराखडा आणतात तो त्या 60 दिवसांचा, आणि तक्रारी येतात त्या 300 दिवसांच्या. म्हणून खिडकी असो, भिंत असो की कपाट, प्रत्येक बाबतीत ‘बंद घरात याचे काय होईल’ हे आधी विचारावे.

आपल्या मनातले रूप अमेरिकेतील जुन्या शेतघरांवरून आणि धान्याच्या कोठारांवरून आलेले आहे. लाकडी फळ्या उभ्या ठोकायच्या आणि दोन फळ्यांमधली फट बारीक पट्टीने झाकायची, ही तिथल्या कोठारांची साधी रीत. तिथले चढे छप्पर बर्फ उतरून जावे म्हणून असते, आणि वळचण आखूड ठेवली तर थंडीतले ऊन घरात येते. ते घर त्या हवेला अगदी योग्य आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका. आखूड वळचणीची पांढरी भिंत या पावसात पहिल्याच ऑगस्टमध्ये हिरवट होते, दुसऱ्या वर्षी तिच्यावर काळे ओघळ दिसतात, आणि मग दर दिवाळीपूर्वी रंगारी बोलवावा लागतो.

झड कशी लागते याचे साधे गणित सांगतो. पाऊस 45 अंशांनी तिरका आला, तर वळचण जितकी बाहेर तितकीच खालची भिंत कोरडी राहते. साडेतीन फूट वळचण असेल तर वरची साडेतीन फूट भिंत वाचते आणि दहा फूट भिंतीपैकी उरलेली साडेसहा फूट भिजते. त्याच भिंतीपुढे आठ फूट रुंद पडवी घेतली आणि तिच्या छपराची बाहेरची कड सात फूट उंचीवर आणली, तर संपूर्ण भिंत कोरडी राहते. सासऱ्यांनी मागितलेली पडवी ही केवळ बसण्याची सोय नाही, आपली पांढरी भिंत पांढरी ठेवण्याचा तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे. म्हणून माझी सूचना अशी की जिथे पाऊस पोहोचतो तिथे पांढरा रंग लावूच नये. बाहेर उघडी राहणारी भिंत जोत्यापासून तीन फूट काळ्या दगडाची आणि वर दर्जा भरलेल्या (सांधे बुजवलेल्या) चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची ठेवावी, आणि पांढऱ्या भिंती व काळ्या चौकटी पडवीच्या आत घ्याव्यात. तिथे त्या दहा वर्षे तशाच दिसतील, आणि सावलीतला पांढरा रंग उन्हातल्या पांढऱ्यापेक्षा डोळ्यांनाही निवांत वाटतो. चिरा मात्र आपल्या भागातला नव्हे. तो श्रीवर्धन-म्हसळ्याकडून ट्रकने आणावा लागेल, आणि तो पाणी पितो, हे लक्षात ठेवून त्यालाही वळचण द्यावीच.

उभ्या पट्ट्यांचा सोस असेल तर पडवीतल्या एका भिंतीवर त्या जरूर लावाव्यात. त्या लाकडाऐवजी सिमेंट-फायबरच्या घ्याव्यात आणि भिंतीपासून इंचभर सुट्या बसवाव्यात, म्हणजे मागून हवा खेळेल.

काचेच्या त्रिकोणी भिंतीविषयी मी स्पष्टच लिहितो. आढ्याखाली वीस फूट उंच गेलेल्या भिंतीला पाऊस चुकवणारी वळचण देताच येत नाही, आणि आपण ती नेमकी पश्चिमेला घेत आहात. पावसाळ्यात सगळी झड तिच्यावर येईल, एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतरचे ऊन थेट आत येईल, आणि घर बंद असताना आतली हवा कोंडून तापेल. सांध्यातले सिलिकॉन सुटले की पाणी नेमके कुठून येते हे शोधण्यात दोन पावसाळे जातात. दृश्य पाहायला वीस फुटांची काच लागत नाही. बसलेल्या माणसाची नजर साधारण पावणेचार फुटांवर असते. पडवीच्या खालून दहा फूट रुंद आणि सात फूट उंच सरकती दारे घेतली, तर आढ्याचा फक्त अंधार दिसेनासा होईल, सरसगड आहे तिथेच राहील.

आता बंद घराच्या श्वासाविषयी. जुन्या कौलारू घरात बुरशी कमी असे, कारण कौलांच्या फटींतून घर आपोआप हवा घेत आणि सोडत असे. आजचे घर आपण सर्व बाजूंनी घट्ट बंद करतो आणि त्यात चार महिने ओल साठवतो. यावर उपाय म्हणजे कुलूप लावल्यावरही उघड्या राहतील अशा जागा: जोत्याजवळ आणि आढ्याखाली झिलमिल्या (तिरप्या पट्ट्यांची झरोके), आतून स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी, आणि त्या समोरासमोरच्या भिंतींत. अलिबागजवळ नांदगावला 2007 मध्ये पूर्ण झालेले, बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईचे ‘पामायरा हाउस’ हे सुटीचे घर या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. नारळाच्या वाडीतल्या त्या दोन लांबट इमारतींच्या भिंती म्हणजे ताडाच्या खोडांपासून काढलेल्या झिलमिल्याच आहेत. तसे घर बांधायला कसबी सुतार लागतात आणि देखभालही पुष्कळ लागते, त्यामुळे मी कोणालाही ते जसेच्या तसे उचला असे म्हणणार नाही. पण ते आजचे घर आहे, आणि त्याला ‘चारचौघांसारखे’ म्हणण्याची कोणाची हिंमत होणार नाही.

छपराबाबत यजमान आणि आपण दोघेही थोडे-थोडे बरोबर आहात. नुसत्या पत्र्याखाली जुलैमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, आणि नुसत्या कौलांखाली वाऱ्याने तुषार येतात. श्रीलंकेचे जेफ्री बावा यांनी नालीदार सिमेंटच्या पत्र्यावर कौले बसवण्याची रीत वापरली होती: पाणी पत्रा अडवतो, उष्णता आणि आवाज कौले अडवतात. आपल्याकडे लोखंडी चौकोनी नळ्यांच्या कैच्यांवर पत्रा, त्यावर रिपा (आडव्या पट्ट्या) आणि त्यावर मंगलोरी कौले, असे हे सहज जमते. उतार 30 अंशांच्या आसपास ठेवावा. एका ब्रासला (100 चौरस फुटांना) सुमारे दीडशे कौले लागतात, त्यांचे वजन कैच्यांच्या हिशेबात धरायला सांगावे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-मुरूडकडच्या कित्येक घरांची छपरे गेली. त्यानंतर मी वळचणीच्या, कडांच्या आणि कोन्यांजवळच्या ओळी स्क्रूने किंवा तारेने रिपांना बांधल्याशिवाय कामाचा ताबा देत नाही.

जुने कुलूप यांचे उत्तर

वळचण यांनी लिहिलेले सर्व मी स्वतः चुकून शिकलो आहे. माणगाव तालुक्यात आमचे असेच घर नऊ वर्षांपूर्वी झाले.

पहिल्या पावसाळ्यात काही कारणाने सलग तीन आठवडे जाता आले नाही. ऑगस्टमध्ये दार उघडले तेव्हा आधी वास आला, ओल्या गोणपाटासारखा. दिवा लावला तर सोफ्याच्या हातांवर पिठासारखा पांढरा थर होता आणि खुंटीवरचा माझा चामडी पट्टा हिरवा झाला होता. गाद्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. भिंतीकडच्या बाजूने त्यांवर काळे ठिपके उठले होते, ते शेवटपर्यंत गेले नाहीत. प्लायवुडच्या कपाटाची दारे फुगून एकमेकांत अडकली होती आणि ती उघडताना बिजागरीच हातात आली. आमच्या घराला कायमची उघडी अशी एकही झडप नव्हती. ‘चोर येईल, साप येईल’ म्हणून आम्हीच ती काढायला लावली होती.

आता आमच्या घरात प्लायवुड नाही. स्वयंपाकघरातले आणि खोल्यांतले सर्व कप्पे कडप्प्याचे आहेत, त्यांना दारे नाहीत, सुती पडदे आहेत. गाद्या आणि पांघरुणे पत्र्याच्या मोठ्या पेट्यांत जातात आणि आल्यावर दोन तास उन्हात पडतात. पावसाळ्यात गाद्यांऐवजी सतरंज्या आणि कापसाच्या पातळ गाद्या वापरतो. पलंग लोखंडी नळीचे आहेत आणि भिंतीपासून चार बोटे लांब. निघताना मुख्य स्विच बंद करतो, फ्रिज पुसून त्याच्या दारात लाकडी चमचा अडकवतो. हा चमचा विसरल्याची शिक्षा एकदा भोगली की पुन्हा विसर पडत नाही.

सापांची भीती मात्र खोटी नव्हती. एकदा पायपुसणे उचलले तर खाली फुरसे वेटोळे करून बसले होते. दाराखाली अर्ध्या इंचाची फट होती आणि आधुनिक दिसावे म्हणून आम्ही उंबरठा काढून टाकला होता. नंतर उंबरठा बसवला, दाराला खालून रबरी पट्टी लावली आणि सरपणाचा ढीग घरापासून तीस पावले दूर नेला. आपले सासू-सासरे वयस्कर आहेत, तेव्हा उंबरठा फार उंच नको. इंचभर पुरेसा आहे, पण तो फरशीपेक्षा वेगळ्या रंगाचा हवा, म्हणजे पाय अडखळणार नाही.

तीन किरकोळ गोष्टी. आंब्याखाली पन्हळी लावू नका. पानांनी त्या जूनच्या पहिल्या आठवड्यातच तुंबतात. पागोळ्या खाली दगडी चरात पडू द्याव्यात आणि चर उताराकडे काढून द्यावा. वानरांच्या उड्यांनी दर वर्षी आमची चाळीस-पन्नास कौले फुटतात, म्हणून त्याच भट्टीची दोनशे कौले सुरुवातीलाच जास्त घेऊन गोठ्यामागे रचून ठेवावीत. आणि वाळवीवरची प्रक्रिया जोत्याची भर टाकतानाच करून घ्यावी. आमच्या ठेकेदाराने ती ‘नंतर करू’ म्हणून टाळली. तिसऱ्या वर्षी सागवानी चौकट बोटाने दाबली तर आत गेली, वर फक्त रंगाचा पापुद्रा उरला होता.

घर सांभाळणाऱ्या कुटुंबाची खोली आमच्या आराखड्यात नव्हती, ती नंतर गॅरेजच्या मागे चिकटवली. त्या खोलीला ना वारा ना स्वतंत्र संडास. दोन कुटुंबे सोडून गेल्यावर आम्हाला शहाणपण आले. आपल्या घराच्या 300 दिवसांचा खरा रहिवासी घर सांभाळणाराच असतो. त्याची खोली आराखड्यात पहिल्या दिवसापासून, स्वतंत्र न्हाणीसह आणि स्वतंत्र वाटेने असावी.

सातबारा यांचे उत्तर

महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून दोनच बाबी लिहितो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 41 नुसार धारण क्षेत्र 0.4 हेक्टर ते 0.6 हेक्टर असेल, तर त्यावरील शेतघरांचे एकूण जोते 150 चौरस मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. आपले 50 गुंठे म्हणजे साधारण अर्धा हेक्टर. त्यामुळे आपली मर्यादा सुमारे 1,614 चौरस फूट आहे आणि 2,000 चौरस फुटांचा तळमजला शेतघर म्हणून बसत नाही. घर सांभाळणाऱ्याची खोलीही या एकूण जोत्यातच येते. पडवीचे जोते कसे मोजणार, हे तहसील कार्यालयात लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासनावर पाया खणू नये. शिवाय शेतघर हे शेतीच्या सोयीसाठी असते. पुढेमागे ते पर्यटकांना भाड्याने देण्याचा विचार असेल, तर अकृषिक (बिगरशेती) वापराचे सध्याचे नियम आधीच पाहून घ्यावेत. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आपले गाव आहे का, हेही पाहून घ्यावे. केंद्र सरकारचा असा एक मसुदा 31 जुलै 2024 ला निघाला होता.

खाचरात घर बांधू नये. खाचर बांधलेले असते तेच पाणी साठवण्यासाठी, आणि आपल्या पूर्वजांनी तिथे घर बांधले नाही त्याला कारण आहे. त्या चिकण मातीत पाया खोल न्यावा लागेल, वर दोन-तीन फूट मुरुमाची भर टाकावी लागेल, आणि एवढे करूनही पावसाळाभर घराच्या चारही बाजूंना पाणी उभे राहील. उताराचे काम वाचवून ठेकेदार जे पैसे वाचवील, ते भरावात जातील. शिवाय ते शेत कसणाऱ्या कुटुंबाचे भात जाईल ते वेगळेच. वरकसावर मुरूम वरच लागतो. तिथेच बांधावे, आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान 60 फूट दूर व उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा.

अंबाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही सर्वांनी मिळून ही उत्तरे मोठ्याने वाचली. पडवीचे गणित ऐकल्यावर सासरे काहीच बोलले नाहीत, फक्त उठून स्वतःसाठी आणखी एक कप चहा ओतून घेतला. त्यावरून निकाल कोणाच्या बाजूने लागला ते कळले.

खाचराचा विचार सोडला आहे. दोन झोपण्याच्या खोल्या, एक बैठकीची खोली आणि घर सांभाळणाऱ्या कुटुंबाची खोली एवढेच 1,600 चौरस फुटांत बसवायचे, असे ठरते आहे. पाहुण्यांची तिसरी खोली रद्द केली. पाहुणे पडवीत झोपतील. दुप्पट उंचीचा आग्रह सोडायला मात्र मन तयार नाही. शिवाय उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडूनच येतो. मग पावसासाठी ती बाजू पडवीने झाकली तर घर अंधारे आणि कोंदट होणार नाही का?

वळचण यांचे उत्तर

उंची सोडू नका, तिची जागा बदला. बैठकीची खोली आढ्यापर्यंत उघडी ठेवावी, माळा घालू नये, आणि वरच्या त्रिकोणात काचेऐवजी झिलमिली घ्यावी. गरम हवा तिथून बाहेर जाईल आणि तिच्या ओढीने खालून पडवीतली थंड हवा आत येईल. वारा पडलेल्या दिवशीही हे चालते. अंधारावर उपाय म्हणून छपराच्या पूर्वेकडच्या उतारात आठ-दहा काचेची कौले बसवावीत. सकाळी त्यांतून उन्हाचे कवडसे थेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडतील असे पाहता येईल.

पश्चिमेची पडवी तीन बाजूंनी उघडी ठेवा, भिंती घालू नका. वारा तिच्यातून मोकळा येतो. झडीसाठी खांबांमध्ये काढता-घालता येणाऱ्या चौकटी करून घ्याव्यात, गावात झापे बांधतात तशाच. बांबूच्या चटया बसवलेल्या चौकटी जूनच्या पहिल्या आठवड्यात चढवायच्या आणि दसऱ्याला उतरवायच्या. चौकटींना काळा रंग दिलात तर आपल्या मूळ चित्रातले काळे-पांढरे तिथेही राहील.

आणखी एक गोष्ट माझ्या आग्रहाखातर करा. आराखडा पक्का करण्यापूर्वी वरकसावर फक्कीने (चुन्याच्या भुकटीने) घराची बाह्यरेषा आखा, पडवीसुद्धा. मग जुलैच्या पहिल्या जोराच्या पावसात, फक्कीच्या जागी खुंट्या ठोकून, छत्री घेऊन त्या पडवीच्या जागेवर तासभर उभे राहा. पाणी उतारावरून कोणत्या बाजूने येते आणि छत्री कोणत्या दिशेला धरावी लागते, ते कागदावर लिहून मला पाठवा. सासऱ्यांनाही बरोबर न्या, पण त्यांना खुर्ची द्या.